बॅरिस्टर अ. र. अंतुले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांपैकी वसंतराव नाईक अकरा वर्षांहून जास्त खुर्चीवर होते, पण त्यांच्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. अंतुले जेमतेम दीड वर्ष होते आणि प्रश्न मात्र त्यांच्याबद्दलच येत राहतात. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात, कायद्याचे विद्यार्थी असतात आणि रायगड, रत्नागिरीकडची जुनी माणसंही. ही माणसं बहुधा विचारायच्या आधीच उत्तर ठरवून आलेली असतात. तेच ते प्रश्न एकत्र करून इथे क्रमाने ठेवले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. अंतुले कोण होते? अगदी थोडक्यात सांगा.

अब्दुल रहमान अंतुले. जन्म 9 फेब्रुवारी 1929, गाव आंबेत, तालुका म्हसळा, जिल्हा तेव्हाचा कुलाबा. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. श्रीवर्धनचे आमदार, राज्यात मंत्री, मग राज्यसभेचे खासदार. 9 जून 1980 ते जानेवारी 1982 मुख्यमंत्री; सिमेंट घोटाळ्याच्या आरोपावरून पद सोडावं लागलं (प्रश्न 7 ते 10). त्यानंतर चार वेळा लोकसभेवर आणि दोनदा केंद्रात मंत्री. 2 डिसेंबर 2014 रोजी मुंबईत निधन. महाराष्ट्राचे ते आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री.

2. वसंतदादांसारखे दिग्गज असताना मुख्यमंत्रिपद अंतुल्यांना कसं मिळालं?

याचं उत्तर 1978 मध्ये आहे. आणीबाणीनंतरच्या पराभवाने काँग्रेस फुटली, तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक वजनदार नेते इंदिरा गांधींना सोडून गेले. यशवंतराव चव्हाण गेले, वसंतदादा गेले, शरद पवार गेले. इंदिरा गांधींबरोबर राहिले ते नाशिकराव तिरपुडे, अंतुले असे मोजके लोक. अंतुल्यांच्या मागे साखर कारखाना नव्हता, जिल्हा बँक नव्हती की दूध संघही नव्हता. कोकणात यातलं उभंच फार थोडं होतं. त्यांची सगळी भिस्त दिल्लीवर होती, आणि त्या पडत्या काळात पक्षाचे सरचिटणीस म्हणून त्यांनी ती निष्ठा दाखवून दिली होती.

जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेत आल्या. फेब्रुवारीत पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार बरखास्त झालं आणि मेमध्ये विधानसभेच्या निवडणुका झाल्या. इंदिरा काँग्रेसला 288 पैकी 186 जागा मिळाल्या. मुख्यमंत्री आमदारांनी नव्हे, दिल्लीने निवडला. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्याचा ज्याच्यावर काडीचा उपकार नाही असा माणूस दिल्लीला हवा होता. म्हणूनच पुढे संकट आलं तेव्हा राज्यात त्यांच्या पाठीशी उभं राहायला फारसं कुणी नव्हतं.

3. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी केलं काय? घोटाळा सोडून सांगा.

कामाचा झपाटा मोठा होता, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. ठळक गोष्टी अशा:

संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात, 1980 मध्ये आली. अंतुल्यांनी शपथ घेतल्यावर दोनच आठवड्यांनी, 23 जूनला, संजय गांधींचा विमान अपघातात मृत्यू झाला होता. नाव तिथून आलं. नावात खुशामत आहे, यात वाद नाही. पण विधवा, अपंग, निराधार म्हातारी माणसं यांना दरमहा रोख पैसे द्यायचे, ही कल्पना तेव्हा देशात रुळलेली नव्हती. योजना आजही चालू आहे. खेड्यात तिला अजून ‘निराधारचा पगार’ म्हणतात, आणि तो घेणाऱ्या आजीला संजय गांधी कोण हे ठाऊक असेलच असं नाही.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना हे दोन नवे जिल्हे झाले. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं (प्रश्न 5). उच्च न्यायालयाचं औरंगाबाद इथलं कामकाज 27 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झालं. मराठवाड्याची ही जुनी मागणी होती. तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांच्यावरचा तो लेख छापून आला (प्रश्न 8).

4. लातूर आणि गडचिरोली हे जिल्हेही अंतुल्यांनीच केले ना?

नाही. हे दोन्ही जिल्हे ऑगस्ट 1982 मध्ये झाले. तेव्हा मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले होते. परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न आहे. 1981 म्हणजे सिंधुदुर्ग आणि जालना, 1982 म्हणजे लातूर आणि गडचिरोली.

5. कुलाब्याचं रायगड का केलं? आणि भवानी तलवारीचं पुढे काय झालं?

कुलाबा हे नाव अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून आलेलं. मुंबईतल्या कुलाब्याशी त्याचा घोळ व्हायचा, हे एक कारण दिलं जातं. खरं कारण सरळ आहे. शिवाजी महाराजांची राजधानी ज्या जिल्ह्यात, त्याला राजधानीचं नाव असावं. महाराजांच्या निधनाला 1980 मध्ये तीनशे वर्षं झाली होती आणि वातावरणही तसं होतं.

लंडनमधली भवानी तलवार परत आणू, अशी घोषणाही अंतुल्यांनी केली. तलवार आली नाही. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली ती तलवार महाराजांचीच का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. तेव्हाही नव्हतं. घोषणेला टाळ्या मात्र कडकडून मिळाल्या.

‘मुसलमान असल्यामुळे त्यांना हे दाखवावं लागलं’ असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. आंबेत सावित्री नदीच्या काठी आहे आणि रायगड किल्ला त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला. कोकणी मुसलमानाच्या घरात मराठी बोलली जाते, आणि शिवाजी महाराज तिथे बाहेरून आणावे लागत नाहीत. मतांचा हिशेब होताच. तो कुठल्या मुख्यमंत्र्याने केला नाही?

6. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हाकलणारे मुख्यमंत्री तेच का?

तेच. 13 जुलै 1981 रोजी त्यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. तो भर पावसाळा होता. महानगरपालिकेने झोपड्या पाडायला सुरुवात केली, लोकांना गाड्यांत भरलं गेलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 मध्ये निकाल लागला: उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण त्याच निकालाने, रीतसर नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करता येतात, असंही सांगितलं. पहिलं वाक्य पाठ्यपुस्तकात गेलं, दुसऱ्यावर पालिका आजही चालते.

निराधारांना पगार देणारा आणि फुटपाथवरच्या निराधारांना ट्रकमध्ये घालणारा माणूस एकच कसा, असं बरेच जण विचारतात. पहिला निर्णय गावाकडच्या मतदारासाठी होता. फुटपाथवरचा माणूस कुणाचाच मतदार धरला जात नव्हता.

7. सिमेंट घोटाळा म्हणजे नेमकं काय? सिमेंटमध्ये घोटाळा करण्यासारखं असतं तरी काय?

आज दुकानात जाऊन हवी तितकी पोती आणता येतात, त्यामुळे तिशीच्या आतल्या वाचकाला हे समजत नाही. तेव्हा सिमेंटचा भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात होतं. घराला गिलावा करायचा तर परमिट लागायचं. तहसील कचेरीत अर्ज करायचा आणि पोत्यांची वाट पाहत बसायचं. लग्नासाठी साखर आणि घरासाठी सिमेंट, दोन्हीला पुढाऱ्याची चिठ्ठी लागायची. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत मोठं अंतर होतं. ज्याला परमिटवर माल मिळाला त्याचा ते अंतर म्हणजे सरळ नफा.

मुंबईत बांधकामं जोरात होती. राज्याच्या कोट्यातलं सिमेंट कुठल्या बिल्डरला किती द्यायचं, हे मंत्रालयात ठरायचं. आरोप असा होता की, ज्या बिल्डरांनी मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणग्या दिल्या त्यांना सिमेंट मिळालं, आणि देणगीचा आकडा पोत्यांच्या हिशेबाने ठरला. साखर कारखान्यांकडून आलेल्या देणग्यांवरही बोट ठेवलं गेलं, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते सिमेंटचं.

फेब्रुवारी 1982 च्या अखेरीस केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. 1989 मध्ये ते पूर्ण गेलं. म्हणजे अंतुल्यांना घालवणारी व्यवस्था ते गेल्यावर दीड महिन्यात मोडायला लागली.

8. ‘प्रतिभा प्रतिष्ठान’ काय होतं आणि प्रकरण बाहेर कसं आलं?

अंतुल्यांनी मुख्यमंत्री झाल्यावर काही ट्रस्ट काढले. त्यातला गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, ऑक्टोबर 1980 मधला. जाहीर हेतू साहित्यिक आणि कलावंतांना मदत करण्याचा. हेतूत वावगं काही नव्हतं. वादाचा मुद्दा पैसा कुठून आला हा होता, आणि ट्रस्ट सरकारी की खासगी हाही.

31 ऑगस्ट 1981 रोजी इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरी यांचा लांबलचक लेख आला. देणग्यांची आणि सिमेंट वाटपाची कागदपत्रं त्याच्यामागे होती. संसदेत गदारोळ झाला. इंदिरा गांधींनी आपलं नाव वापरायला संमती दिली होती का, यावरही जुंपली. राज्यातल्या ट्रस्टची भानगड त्यामुळे पंतप्रधानांच्या दारापर्यंत पोचली आणि मग दिल्लीला अंतुले जड व्हायला लागले. शौरींना 1982 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

9. म्हणजे उच्च न्यायालयाने अंतुल्यांना दोषी ठरवून शिक्षा दिली?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कितीतरी ठिकाणी ‘खंडणीच्या गुन्ह्यात उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं’ असं छापलेलं सापडेल. ते चूक आहे.

जनता पक्षाचे प. बा. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली होती. रिटमध्ये आरोपी नसतो, साक्षीपुरावा फौजदारी पद्धतीने होत नाही आणि तुरुंगवास तर नसतोच. सरकारने अधिकार कायद्याप्रमाणे वापरला की नाही, एवढंच न्यायालय तपासतं. न्या. बख्तावर लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 रोजी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुख्यमंत्र्याच्या राजकीय आयुष्यासाठी एवढं पुरेसं होतं. अंतुल्यांनी राजीनामा दिला.

तेव्हा लेंटिन निकालाला हलका समजू नका आणि त्याला शिक्षाही म्हणू नका. फौजदारी खटला वेगळा, वेगळ्या माणसाने केलेला आणि वेगळ्या वाटेने गेलेला (प्रश्न 11 पासून पुढे). जाता जाता: जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये दूषित ग्लिसरॉलमुळे 14 रुग्ण दगावले, त्याच्या चौकशी आयोगाचे लेंटिन ते हेच.

10. राजीनाम्याची खरी तारीख कोणती? कुठे 12, कुठे 20, कुठे 21 जानेवारी सापडते.

निकाल 12 जानेवारी 1982 चा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात अंतुले 20 जानेवारीपर्यंत मुख्यमंत्री होते असं नोंदलं आहे. बाबासाहेब भोसले यांनी शपथ घेतली 21 जानेवारीला. परीक्षेसाठी ‘जानेवारी 1982’ एवढं पक्कं धरा.

या दहा दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या वेळी राज्यात एक मुख्यमंत्री निघाला होता आणि दुसरा यायचा होता. संपाचं पुढे काय झालं ते गिरणगावाला सांगायला नको.

11. फौजदारी खटला कुणी केला आणि तो सुरू व्हायलाच एवढा वेळ का लागला?

भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी. लेख 31 ऑगस्टला आला आणि दुसऱ्याच दिवशी, 1 सप्टेंबर 1981 रोजी, नायक यांनी राज्यपालांकडे खटल्याची परवानगी मागितली (लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला चालवायला अशी परवानगी लागते). 11 सप्टेंबरला ते एस्प्लनेडच्या दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेले. परवानगीशिवाय दखल घेता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

आता गाठ अशी. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि मंत्रिमंडळ मुख्यमंत्र्याचं. मग मुख्यमंत्र्यावरच्या खटल्याची परवानगी देताना सल्ला कुणाचा घ्यायचा? उच्च न्यायालय म्हणालं की, इथे राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावं. सरकारच्या वकिलांनी ते मान्य केल्याचंही निकालात नोंदलं गेलं. नंतर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ‘आम्ही तसं मान्य केलंच नव्हतं’ म्हणू लागलं. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ते झिडकारलं: कोर्टात काय घडलं याबद्दल न्यायमूर्तींनी लिहिलेलं अंतिम, वकिलांनी मागाहून ते नाकारायचं नाही. वकील मंडळी हा निकाल आजही या एका मुद्द्यासाठी काढतात, अंतुले कोण हे त्यात गौण असतं.

राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांनी जुलै 1982 मध्ये काही मुद्द्यांपुरती परवानगी दिली, बाकीची नाकारली. 9 ऑगस्ट 1982 रोजी, भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायाधीशांपुढे नवी तक्रार दाखल झाली.

12. ‘आमदार हा लोकसेवक नाही’ असा निकाल खरंच लागला होता का?

खरंच लागला होता. मुख्यमंत्रिपद गेलं तरी अंतुले आमदार होते. त्यांचं म्हणणं असं की, आमदारही लोकसेवक, म्हणून त्या पदासाठीही परवानगी हवी. विशेष न्यायाधीश आर. बी. सुळे यांनी ते मान्य केलं आणि 25 जुलै 1983 रोजी त्यांना आरोपमुक्त केलं. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले.

16 फेब्रुवारी 1984 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद आरोपीकडे आता नसेल, तर परवानगी लागतच नाही. दोन, आमदार हा भारतीय दंड संहितेच्या 21 व्या कलमाखाली लोकसेवक नाही. आरोपमुक्तीचा आदेश रद्द झाला.

इथे एक मेख आहे. हे उत्तर त्या वेळच्या कायद्याचं आहे. 1988 मध्ये नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला, त्यात लोकसेवकाची व्याख्या रुंद झाली, आणि 1998 मध्ये पी. व्ही. नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यापुरते खासदार आणि आमदार लोकसेवक धरले. म्हणून ‘अंतुले खटल्यानुसार आमदारावर लाचलुचपतीचा कायदा लागत नाही’ असं कुणी आज सांगितलं, तर त्याचं पुस्तक जुनं आहे.

13. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचीच चूक कबूल केली म्हणतात, ती कोणती?

1984 च्या त्याच निकालात घटनापीठाने आणखी एक पाऊल उचललं होतं. खटला रखडू नये म्हणून तो विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे सोपवला. हेतू चांगला होता. पण 1952 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने असे खटले चालवण्याचा अधिकार फक्त विशेष न्यायाधीशांना दिला होता. शिवाय खटला उच्च न्यायालयातच चालला तर उच्च न्यायालयात अपील करायची आरोपीची एक पायरी कमी होते.

त्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं नाही किंवा कुणी ताणून धरलं नाही. खटला न्या. खत्री, मग न्या. मेहता यांच्यापुढे आला. पन्नासहून अधिक साक्षीदार झाले. मेहतांनी 21 आरोप निश्चित केले आणि 22 वगळले. वगळलेल्यांविरुद्ध नायक पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1986 मध्ये जिंकले. मग न्या. पी. एस. शहा यांनी एकूण 79 आरोप निश्चित केले. अंतुल्यांनी तेव्हा मूळ मुद्दाच उकरून काढला: हा खटला इथे चालवायचा अधिकारच उच्च न्यायालयाला कुणी दिला?

29 एप्रिल 1988 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्यांचं म्हणणं मान्य केलं. बहुमताच्या बाजूचं मुख्य निकालपत्र न्या. सब्यसाची मुखर्जी यांचं. न्यायालयाच्या चुकीने कुणाचं नुकसान होता कामा नये आणि चूक आपली असली तरी ती दुरुस्त केली पाहिजे, असा त्याचा गाभा. न्या. वेंकटचलय्या यांचं मत वेगळं होतं. एकदा अंतिम झालेला निकाल असा मागच्या दाराने उलथवता येत नाही, असं ते म्हणाले. मला स्वतःला त्यांचं निकालपत्र अधिक घट्ट वाटतं, पण कायदा बहुमताचा. चार वर्षांची सुनावणी पाण्यात गेली आणि खटला पुन्हा खालच्या पायरीवर आला.

14. मग शेवटी ते निर्दोष सुटले का?

या प्रकरणात त्यांना कधीही शिक्षा झाली नाही. ‘निर्दोष’ हा शब्द मात्र जपून वापरा. वर सांगितलेले 1984 आणि 1988 चे निकाल त्यांनी पैसे घेतले की नाही यावर नाहीतच. परवानगी लागते का, खटला कुठे चालावा, एवढ्यावरच ते आहेत.

1988 नंतर अंतुल्यांनी, खटला फार लांबला म्हणून तो रद्दच करा, अशी मागणी केली. 10 डिसेंबर 1991 रोजी घटनापीठाने सांगितलं की, जलद खटला हा 21 व्या कलमाखालचा हक्क आहे. त्यासाठी तत्त्वंही आखून दिली. पण ठरावीक वर्षांची मुदत घालायला नकार दिला आणि अंतुल्यांचा खटला रद्द केला नाही, तो लवकर चालवा म्हटलं. देशभरातल्या कच्च्या कैद्यांचे वकील आज तो निकाल वापरतात.

समर्थक म्हणतात, काहीच सिद्ध झालं नाही. विरोधक म्हणतात, सिद्ध होऊ दिलं नाही. दोघांनाही कागद पुरे पडत नाहीत. लेंटिन निकाल उभा आहे आणि फौजदारी दोषसिद्धी नाही, एवढंच माझ्याकडून लिहून घ्या.

15. एवढं होऊनही ते परत निवडून कसे आले?

शिक्षा नव्हती, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. आणि कोकणात त्यांच्याकडे पाहण्याची नजर वेगळी होती. ‘साहेबांनी ट्रस्टला घेतले, घरी नाही नेले’ हे वाक्य तिकडे पुष्कळांच्या तोंडी ऐकू येतं. साखरवाल्यांनी मिळून कोकणचा मुख्यमंत्री घालवला, ही भावना तर पक्की बसलेली.

1989, 1991, 1996 आणि 2004 असे चार वेळा ते काँग्रेसकडून लोकसभेवर गेले. 1998 आणि 1999 मध्ये त्यांच्या कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे रामशेठ ठाकूर आले. नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात 1995 पासून 1996 पर्यंत ते आरोग्यमंत्री होते. जानेवारी 2006 मध्ये केंद्रात अल्पसंख्याक कामकाज मंत्रालय नव्याने निघालं, त्याचे पहिले मंत्री अंतुले. मुस्लिम समाजाच्या स्थितीबद्दलचा सच्चर समितीचा अहवाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला, त्यामुळे हे खातं एकदम चर्चेत आलं.

16. करकरे यांच्याबद्दल ते नेमकं काय म्हणाले होते?

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवरच्या हल्ल्यात राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे आणि पोलीस अधिकारी अशोक कामटे व विजय साळसकर कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी मारले गेले. करकरे तेव्हा मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास करत होते, आणि त्यात हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित लोकांना अटक झाली होती. 17 डिसेंबरला संसदेबाहेर अंतुल्यांनी शंका काढली: ताज किंवा ओबेरॉयकडे न जाता या अधिकाऱ्यांना त्या गल्लीकडे कुणी पाठवलं?

‘करकरे यांना हिंदुत्ववाद्यांनी मारलं असं अंतुले म्हणाले’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं ते म्हणाले नाहीत. पण मालेगावचा संदर्भ देऊन असा प्रश्न विचारला की ऐकणाऱ्याने काय समजायचं, हे बॅरिस्टरला कळत नव्हतं असंही नाही. तेही केंद्रीय मंत्री असताना, हल्ल्याला महिना व्हायच्या आत. पाकिस्तानच्या हातात आयतं कोलीत दिलं, म्हणून भाजप-शिवसेनेने राजीनामा मागितला. काँग्रेसने हात झटकले. अंतुल्यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. 23 डिसेंबरला गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत घटनाक्रम सांगून कटाची शंका फेटाळली आणि अंतुल्यांनी विषय संपल्याचं म्हटलं.

17. ते कुलाब्याचे खासदार की रायगडचे? दोन्ही वाचायला मिळतं.

जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये बदललं, पण लोकसभा मतदारसंघाचं नाव 2008 च्या पुनर्रचनेपर्यंत कुलाबाच राहिलं. त्यामुळे अंतुल्यांचे चारही विजय कागदोपत्री ‘कुलाबा’चे आहेत. ‘रायगड’ नावाच्या मतदारसंघातून ते एकदाच उभे राहिले, 2009 मध्ये, आणि शिवसेनेच्या अनंत गीते यांच्याकडून हरले.

18. कायद्याच्या पुस्तकात ‘अंतुले खटला’ शोधताना चार वेगवेगळे निकाल निघतात. कुठला कशासाठी?

नाव आधी कुणाचं आहे ते बघा. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक’, 1982: न्यायमूर्तींच्या नोंदीचा मुद्दा (प्रश्न 11). ‘आर. एस. नायक विरुद्ध ए. आर. अंतुले’, 1984: परवानगी आणि लोकसेवक (प्रश्न 12). याच नावाचा दुसरा निकाल 1986 चा आहे, तो वगळलेल्या आरोपांबद्दल. नावं उलटी झाली, ‘ए. आर. अंतुले विरुद्ध आर. एस. नायक’, की ते 1988 चं सात न्यायमूर्तींचं पीठ (प्रश्न 13). आणि ‘अब्दुल रहमान अंतुले’ असं पूर्ण नाव असेल तर तो जलद खटल्याचा निकाल (प्रश्न 14). तो डिसेंबर 1991 चा, पण छापील खंडात 1992 खाली सापडतो. इथे दिलेले मोजले तर निकाल पाच भरतात. तुम्हाला चार दिसले, कारण 1984 आणि 1986 चं नाव एकच आहे.